जपानमध्ये किकवाली एसआर४०० घ्यावी की बटनवाली जीबी३५०?

सायतामाकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. राहायला सायतामात, नोकरी तोक्योत. इथल्या रेल्वेमुळे इतकी वर्षं गाडीची गरज पडली नाही आणि खरं सांगायचं तर आजही नाही. पण गरज असेल त्यानेच गाडी घ्यायची असा नियम लावला तर महाराष्ट्रातल्या निम्म्या बुलेटी विकायला काढाव्या लागतील. तर रीतसर शाळेत जाऊन ४०० सीसीपर्यंतचं लायसन्स काढलं आहे आणि आता फटफटी शोधतोय.

डोक्यात दोन आहेत.

पहिली यामाहा एसआर४००. एक सिलिंडर, एअरकूल्ड, तारेची चाकं, गोल दिवा, थेंबासारखी टाकी. १९७८ मध्ये आली, २०२१ मध्ये बंद झाली. मधल्या ४३ वर्षांतल्या कुठल्याही दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या तर लांबून बघणाऱ्याला फरक सहजासहजी सांगता येणार नाही. बटन स्टार्ट नाही. कधीच नव्हतं, शेवटच्या गाडीलाही किकच. अर्थात आता सेकंडहँडच मिळणार.

दुसरी होंडा जीबी३५०. एसआर गेली त्याच वर्षी ही इथे बाजारात आली. हीसुद्धा एक सिलिंडर, एअरकूल्ड, जुन्या वळणाची. पण बटन आहे, एबीएस आहे, वॉरंटी आहे. गंमत म्हणजे हीच गाडी भारतात २०२० पासून सीबी३५० हायनेस म्हणून मिळते. आईला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, "मग इथंच येऊन घे की, तिकडं कशाला पैसे घालवतोस?"

रोजचा वापर नाही. शनिवार-रविवार डोंगरात भटकायचं: चिचिबु, ओकुतामा, जमलं तर हाकोने. चाळिशी जवळ आली आहे, गुडघे अजून शाबूत आहेत. किकचा खरंच किती त्रास होतो? बुलेट, येझदी वापरलेल्यांचे अनुभव वाचायला आवडतील. आणि इथे जपानात कोणी यातली एखादी चालवत असेल तर सोन्याहून पिवळं.

---

बुलेटराव

भावा, आधी अभिनंदन.

किकचं म्हणशील तर आमच्यात आजोबांची कास्ट आयर्नवाली बुलेट हाय, अजून चालू. किक म्हंजे अंगावर जाऊन उडी मारायची न्हवं. चावी लावायची, किक हळू दाबत अँपिअर मीटरच्या सुईवर नजर ठेवायची. सुई मायनसकडनं मधी आली की थांबायचं. डीकॉम्प्रेसर, म्हंजे सिलिंडरातला दाब सोडायचा खटका, धरायचा, किक अजून बोटभर खाली घ्यायची, डीकॉम्प्रेसर सोडायचा. मग किक वर येऊ द्यायची आणि एकच सणसणीत. घाई केलीस तर किक उलटी मारती आणि पिंढरी धरून कट्ट्यावर बसायला लागतंय. आमच्या धाकट्या चुलत्याला इचार.

हे जमलं तर गाडी पोरगं पण चालू करतंय. न जमणारा पैलवान असला तरी घाम गाळतोय.

बाकी ते होंडा-बिंडा सोड. जपानात रॉयल एनफील्ड मिळत न्हाई व्हय?

---

सायतामाकर

मिळते की. क्लासिक, हंटर सगळ्या आहेत. पण इतक्या लांब येऊन बुलेट घेतली तर गावाकडचे मला वेड्यात काढतील.

---

बुलेटराव

होंडानं हरयाणात केलेली घेतलीस तर काय शहाण्यात काढणार हाईत?

---

आगाऊ

अ‍ॅव्हरेज किती देते?

---

मिस्त्री_७६

आगाऊ, आलात का. जपानी कंपन्यांच्या आकड्यांप्रमाणे एसआर लिटरला तीसच्या आसपास, जीबी चाळीसच्या आसपास. टाकी एसआरची १२ लिटर, जीबीची १५. म्हणजे एका टाकीत जीबी बरीच लांब जाते. झालं समाधान?

आता मूळ मुद्दा. बुलेटरावांनी लिहिलेली पद्धत एसआरला जवळजवळ तशीच लागू पडते, फक्त सुईच्या जागी खिडकी आहे. सिलिंडर हेडच्या उजव्या बाजूला एक छोटी गोल काच बसवलेली असते, तिच्यातून कॅमशाफ्टचं, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्याचं, टोक दिसतं. डाव्या हाताला क्लचच्या खाली छोटा डीकॉम्प लिव्हर. तो ओढून किक सावकाश दाबायची. काचेत चंदेरी खूण आली की थांबायचं. लिव्हर सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग पूर्ण खालपर्यंत एक सलग दाब. मधेच पाय सैल सोडायचा नाही आणि मूठ अजिबात पिळायची नाही. बहुतेक नवखे मूठ पिळतात आणि तिथेच फसतात.

सवय झालेला माणूस काचेकडे बघतसुद्धा नाही. पायालाच कळतं.

दोन पिढ्यांमधला फरक मात्र नीट समजून घ्या. २००८ मध्ये प्रदूषणाच्या नियमांमुळे गाडी थांबली आणि फ्युएल इंजेक्शन घेऊन परत आली. त्याआधीच्या सगळ्या कार्बोरेटरवाल्या. कार्बवाली थंडीत चोक मागते आणि गरम असताना बंद पडली तर थोडे नखरे करते, पण इग्निशन स्वतःची वीज स्वतः बनवतं, त्यामुळे बॅटरी पार उतरली तरी किकवर उठण्याची आशा असते. इंजेक्शनवाली थंड असो गरम असो, शहाण्यासारखी चालू होते. पण तिच्या पेट्रोल पंपाला बॅटरी लागते. बॅटरी मेली की कितीही किका मारा. किकची गाडी आहे म्हणून बॅटरीकडे दुर्लक्ष करणारे लोक इथेच गंडतात. शनिवार-रविवारच चालवणार असाल तर घरी चार्जर ठेवा.

---

चिंगी

माझा प्रश्न गाडीचा नाही. सायतामाकर, तुम्ही भारतातलं लायसन्स बदलून न घेता शाळेत का गेलात? माझा भाऊ नागोयात आहे, त्याने कारचं बदलून घेतलं होतं.

---

सायतामाकर

चिंगी, माझ्याकडे भारतातलं दुचाकीचं लायसन्स होतं, पण मुदत संपलेलं. शिवाय शाळेत जाणाऱ्याला परवाना केंद्रातली चालवण्याची परीक्षा माफ असते. कारचं लायसन्स आधीच असेल तर दुचाकीचे १७ तास प्रत्यक्ष चालवणं, नसेल तर १९.

पहिल्याच दिवशी गाडी आडवी पाडून ठेवतात आणि म्हणतात, उचला. होंडाची सीबी४००, चार सिलिंडर, दोनशे किलोच्या आसपास. कमरेत वाकून उचलायला गेलो तर मास्तरांनी थांबवलं. हँडल धरून, छाती गाडीला चिकटवून, पायांनी पुढे ढकलत उभी करायची असते. नंतर ती सुप्रसिद्ध पट्टी: १५ मीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद, जमिनीपासून ५ सेंटिमीटर उंच. तिच्यावरून जायचं, पण लवकर नाही! सात सेकंदांच्या आत पार केलीत तर गुण कापतात, खाली पडलात तर परीक्षा तिथेच संपली. पुण्यात इतकी वर्षं गाडी चालवली, पण 'हळू जा' असं कोणी शिकवलं नव्हतं. मागचा ब्रेक दाबून, अर्ध्या क्लचवर, मान वर आणि नजर लांब. खाली चाकाकडे पाहिलं की गेलात.

---

आगाऊ

पुण्यात ३० सेंटिमीटर रुंद जागा मिळाली तर तिच्यातून तीन गाड्या जातात. तेही फोनवर बोलत.

---

चिंगी

माहितीसाठी धन्यवाद. आता महत्त्वाचं. वहिनींना सांगितलंत का की लायसन्स मिळाल्यावर पहिलं एक वर्ष मागे कोणाला बसवता येत नाही? आणि एक्स्प्रेसवेवर तर तीन वर्षं.

---

सायतामाकर

...

ती हा धागा वाचते.

---

हामामात्सुची_सून

उशिरा आले, पण आले. माझ्याकडे जीबी३५० आहे, तेव्हा थोडं अधिकारवाणीने लिहिते. आणि हो, माझे सासरे होंडा, यामाहा, सुझुकी यांपैकी कुठेच नव्हते, ते चहाची शेती करायचे. हामामात्सु म्हणजे या कंपन्यांचं गाव, त्यामुळे इथे राहणाऱ्या प्रत्येकाला हे आधी सांगून टाकावं लागतं!

गाडी कमालीची शांत आहे. आवाजाने नव्हे, आवाज छान घुमतो, स्वभावाने. तिसऱ्या गिअरवर गावातलं सगळं होतं. ताकद २० पीएस म्हणजे कागदावर काहीच नाही, पण २९ न्यूटन-मीटरचा जोर ३००० आरपीएमलाच मिळतो, त्यामुळे घाटात गिअर पाडायची फारशी वेळ येत नाही. सिग्नलवरून कोणाला मागे टाकायचं असेल तर मात्र दुसरी गाडी बघा.

गिअरचा पेडल पुढे-मागे दोन्हीकडे दाबायचा, आपल्या भारतातल्या गाड्यांसारखा. इथल्या लोकांना त्याचं अप्रूप वाटतं. मला पहिल्याच दिवशी घरी आल्यासारखं झालं, आणि बुटाच्या वरच्या बाजूला काळा डाग पडत नाही हा फायदा वेगळाच. 'एस' मॉडेल घेतलंत तर तो पेडल मिळत नाही, हे लक्षात ठेवा.

एक्स्प्रेसवेवर १०० पर्यंत मजेत. त्यापुढे जाते, पण तिला ते मनापासून आवडत नाही असं जाणवतं. मला तरी कुठे जायचंय!

एसआर मी मैत्रिणीची चालवली आहे. त्याबद्दल रात्री लिहिते, आता पोरांचे डबे.

---

गोटीसोडा

चर्चा छान चालली आहे. पण एक तक्रार. दोन्ही गाड्यांना एकाच 'रेट्रो'च्या पिशवीत टाकू नका. जीबी रेट्रो आहे: इंजिन अगदी अलीकडे नव्याने आखलेलं, वरून जुना पोशाख. एसआर रेट्रो नाहीच. ती १९७८ मध्ये नवी होती आणि मग तिने बदलायला नकार दिला. जुन्यासारखं दिसणं वेगळं आणि जुनं असणं वेगळं. मला कोणी विचारलं तर पोशाखाला पैसे देण्यापेक्षा मी खऱ्या जुन्याला देईन.

---

मिस्त्री_७६

गोटीसोडा, ऐकायला झकास आहे, पण इतिहास तसा नाही.

१९७८ च्या एसआरला पुढे डिस्क ब्रेक होता. १९७९ मध्ये यामाहाने तारांच्या जागी कास्ट व्हील देऊन पाहिली, काळाबरोबर जायला म्हणून. गिऱ्हाइकाला रुचली नाहीत, १९८३ मध्ये तारा परत आल्या. आणि १९८५ मध्ये काय केलं? चांगला चालणारा पुढचा डिस्क काढून ड्रम लावला! पुढचं चाक १९ इंचाचं होतं ते १८ केलं, फोर्कवर रबरी गेटर, म्हणजे घडीची आवरणं, चढवली. जगात डिस्ककडून ड्रमकडे गेलेल्या गाड्या किती सापडतील? ते तांत्रिक कारणाने नव्हतं, दिसण्यासाठी होतं. साठच्या दशकातल्या इंग्रजी गाड्यांसारखं दिसावं म्हणून. तो ड्रम २००१ पर्यंत राहिला, मग परत डिस्क.

ते सालही बघा. जपानमध्ये तेव्हा रेसच्या गाड्यांच्या नकला रस्त्यावर विकायची लाट होती. यामाहाचीच एफझेड४००आर १९८४ मध्ये आली, ५९ पीएसची. त्याच दुकानात, त्याच सीसीची, २७ पीएसची एसआर ड्रम लावून उभी. रेट्रो याला नाही तर कशाला म्हणायचं? फक्त हा प्रकार इतरांच्या आधी सुरू झाला आणि इतका चालला की आता तो आपल्याला अस्सल जुना वाटतो.

---

गोटीसोडा

ड्रमचा मुद्दा बिनतोड आहे, तो घेतो. पण इंजिनाचं काय? तेच दोन व्हॉल्व्ह, तेच यामाहाच्या जुन्या एक्सटी५०० च्या घराण्यातलं क्रँककेस, तेच फ्रेमच्या नळीत साठवलेलं ऑइल. त्यात पोशाख कुठे आला?

---

मिस्त्री_७६

इंजिन अस्सल, कपडे रेट्रो. तडजोड मंजूर?

---

गोटीसोडा

मंजूर. चहा तुमच्याकडून.

---

कुमठेकर_काका

ड्रमवरून आठवलं. अवांतर आहे, पण वयाचा मान राखून सहन करा.

यामाहाची आरडी३५० जपानने १९७५ च्या सुमारास सोडून दिली आणि एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये फरिदाबादला राजदूत ३५० म्हणून काढली. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, ३४७ सीसी. परदेशातल्या आरडीला पुढे डिस्क होता, आपल्याकडे आली ती ड्रम लावून. तिकडे यामाहाने ड्रम लावला तो दिसण्यासाठी, इकडे लागला तो खर्च वाचवण्यासाठी, आणि तोसुद्धा अशा गाडीला जी मूठ पिळली की पुढचं चाक उचलायची. आमच्या गल्लीतल्या दोघांनी घेतली होती. एकाने वर्षभरात विकली, कारण पेट्रोल. दुसऱ्याच्या आईने विकायला लावली, कारण तुम्ही ओळखलंच असेल.

बाळा सायतामाकर, तू एसआरच घे. २४-२७ पीएसमध्ये आईला काळजी नाही.

---

आगाऊ

काका, त्या आरडीचं अ‍ॅव्हरेज?

---

कुमठेकर_काका

विचारायचं नसतं.

---

हामामात्सुची_सून

हं, आता एसआर. मैत्रिणीची २०१४ च्या आसपासची, इंजेक्शनवाली.

सगळ्यांची एक समजूत असते, माझीही होती, की जुनी गाडी म्हणजे संथ ठोके आणि नवी म्हणजे चपळ. इथे उलटं आहे. चालवताना मलाच आश्चर्य वाटलं. एसआर आरपीएम मागते, हलकी वाटते, वळणावर पटकन झुकते. जीबी मात्र आजोबांसारखी धीरगंभीर ठोके देत जाते. मिस्त्रीकाका कारण सांगतील.

आणि हो, एसआर थरथरते. ८० पर्यंत ते सुखाचं असतं. एक्स्प्रेसवेवर १०० ने तासभर गेलात तर उतरल्यावर हाताला मुंग्या येतात. आरसा दाखवतो ते सगळं पुसट. मैत्रीण म्हणते तिला तेच हवंय. असतात माणसं.

---

मिस्त्री_७६

काका नका म्हणू, ७६ हा जन्म आहे, वय नाही!

कारण सोपं आहे. एसआरचा पिस्टन ८७ मिलिमीटर रुंद आणि स्ट्रोक, म्हणजे त्याची वरखाली धाव, फक्त ६७.२. म्हणजे रुंद आणि आखूड. यामागे पुन्हा लायसन्सचा नियम. एसआर मुळात ५०० सीसीची आखणी, तिचा स्ट्रोक ८४. पण जपानमध्ये १९७५ पासून ४०० सीसीच्या वरच्या गाड्यांचं लायसन्स वेगळं आणि तेव्हा मिळवायला महाकठीण होतं. म्हणून पिस्टन तोच ठेवला, स्ट्रोक कमी केला आणि ३९९ सीसी केली. पाचशे १९९९ मध्ये गेली, चारशे टिकली. यामाहाला हवं होतं त्यापेक्षा थोडं चपळ इंजिन अशा रीतीने नियमामुळे तयार झालं.

जीबीचं उलट: पिस्टन ७०, स्ट्रोक ९०.५. अरुंद आणि लांब. म्हणून ते संथ ठोके. वर बॅलन्सर शाफ्ट दिलाय, त्यामुळे ठोका ऐकू येतो पण हाताला झिणझिण्या येत नाहीत. एसआरला बॅलन्सर नाही.

---

बुलेटराव

थांबा थांबा थांबा. ७० गुणिले ९०.५?

आमच्या जुन्या बुलेटचं माप ७० गुणिले ९० हाय! पुस्तकात बघून खात्री करून आलो. म्हंजे होंडानं आमचंच इंजिन अर्धा मिलिमीटर वाढवून आमालाच परत इकलं?

नाद करायचा न्हाई बुलेटचा. सायतामाकर, बघ बाबा, तू कुठंही जा, फिरून बुलेटपाशीच येणार.

---

मिस्त्री_७६

माप सारखं म्हणजे इंजिन सारखं नव्हे, बुलेटराव. यात कॅमशाफ्ट वर हेडमध्ये आहे, तुमच्यात तो खाली आणि व्हॉल्व्ह हलवायला लांब पुशरॉड. पण त्या ठोक्यासाठी लांब स्ट्रोक लागतो हे होंडाच्या माणसांना नक्की ठाऊक होतं, आणि भारतात ही गाडी कोणाच्या गिऱ्हाइकासाठी आणली हे सांगायला नको.

---

तिखटमीठ

सगळे किक आणि ठोक्यात रमलेत. खर्चाचं कोणी बोलत नाही. जपानमध्ये २५० सीसीच्या वरच्या गाडीला शाकेन, म्हणजे सक्तीची सरकारी तपासणी, लागतं: नव्या गाडीला तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी. दोन्ही गाड्या त्यात येतात. मग २५० च्या आतली का नाही बघत? कावासाकीची एस्ट्रेला होती, १९९२ पासून २०१७ पर्यंत, दिसायला एसआरइतकीच गोड, आणि बटन स्टार्ट. आता त्यांची डब्ल्यू२३० नवी आली आहे, २३२ सीसी. शाकेन नाही, टॅक्स कमी. मी योकोहामात सहा वर्षं होतो, एस्ट्रेला वापरली, रुपयाचाही पश्चात्ताप नाही.

---

सायतामाकर

तिखटमीठ, एस्ट्रेला यादीत होती. पण शाळेत ४०० वर शिकल्यावर २५० वर मन बसेना. शुद्ध हट्ट आहे, मान्य. शाकेनचा खर्च किती येतो? दुकानदारांच्या आकड्यांत फार तफावत आहे. एकाने तर इतका सांगितला की त्यात सेकंडहँड स्कूटर येईल.

---

हामामात्सुची_सून

दुकानाचा आकडा म्हणजे सरकारी फी, सक्तीचा विमा, वजन कर आणि दुकानाची मेहनत. शेवटचा भाग टाळता येतो. परिवहन कार्यालयात आधी वेळ घेऊन स्वतः गाडी नेता येते. मी नेली आहे. दिवे, ब्रेक, हॉर्न, इंडिकेटर, स्पीडोमीटर, धूर, आवाज बघतात. बहुतेक लोक हेडलाइटच्या झोतावर अडकतात, म्हणून आधी जवळच्या तपासणी दुकानात झोत नीट करून घ्यायचा. थोडेच पैसे घेतात. तिथले लोक नवख्याला ओरडत नाहीत, "पहिल्यांदाच आहे" म्हणून सांगा, शेजारी उभे राहून सांगतात.

पण हे अंगावर घेण्याआधी एक. सेकंडहँड एसआर घेताना कस्टम केलेली टाळा. नव्वदच्या दशकात आणि नंतरही तरुणांनी एसआरची जी चिरफाड केली आहे ती विचारू नका. मडगार्ड कापलेले, फ्रेमचा मागचा भाग छाटलेला, बुटका हँडल. दिसतात देखण्या. मग शाकेनला गेलं की सायलेन्सरवर मान्यतेचा शिक्का नाही, मापं कागदाशी जुळत नाहीत. माझ्या ओळखीतल्या एकाने अशीच घेतली, तपासणीला मूळ सायलेन्सर आणि हँडल शोधत फिरला. मूळ भाग बरोबर मिळत असतील तरच विचार करा.

---

मिस्त्री_७६

सहमत. आणखी दोन-तीन गोष्टी. एसआरचं ऑइल इंजिनाखाली नसतं, फ्रेममध्ये असतं. टाकीच्या पुढे हँडलजवळ झाकण आहे. थंड गाडीची काडी काढून बघू नका, खोटी पातळी दाखवते. इंजिन चांगलं गरम करून, बंद करून, काही मिनिटांनी. दुकानदार काडी बघू देत नसेल तर पुढे चला.

गाडी बघायला जाताना आधी फोन करून सांगा की इंजिन गरम करून ठेवू नका. पोचल्यावर हेडला हात लावून बघा. गार गाडी तुमच्यासमोर किकवर उठली पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुकानदाराने नव्हे, तुम्ही उठवली पाहिजे.

'फायनल एडिशन'च्या, म्हणजे २०२१ च्या निरोपाच्या गाड्यांच्या, नादी लागू नका. १००० गाड्यांची ती लिमिटेड तर आता संग्राहकांच्या ताब्यात आहे, मूळ किमतीच्या वर भाव चालतात. २०१० नंतरची साधी, काळी, कोणी हात न लावलेली शोधा.

---

चिंगी

मी गाडी चालवत नाही तरी हा धागा वाचनखुणांत टाकलाय. आता मलाही ती खिडकी बघायची आहे.

---

गोटीसोडा

चिंगी, जपानला गेलात तर इवाता शहरात यामाहाचं स्वतःचं संग्रहालय आहे, प्रवेश फुकट. पण आधी सुट्टीचे दिवस बघून जा. हामामात्सुपासून एका लोकलवर.

---

सायतामाकर

मंडळी, उशिराने परत येतोय. तुमच्या सूचनांची यादी खिशात घालून बरीच दुकानं फिरलो.

जीबी चालवून पाहिली. सूनबाई म्हणाल्या त्यातलं अक्षर अन् अक्षर खरं. इतकी बिनतक्रार गाडी की खाली उतरल्यावर विचार आला, हिच्यात खोट काढायची तर कशाची काढू? वजन १८० किलो, पण चालवताना जाणवत नाही. दुकानदाराने सांगितलं की सुटे भाग भारतातून येतात आणि जुळणी कुमामोतोला होते. मी कुठला हे कळल्यावर त्याने मलाच गाडीबद्दल प्रश्न विचारायला सुरुवात केली.

मग कावागोएजवळच्या एका छोट्या दुकानात एसआर. २०१२ ची, काळी, सगळं मूळचं. फोन करून बजावलं होतं. हेडला हात लावला, थंडगार. म्हातारे मालक बाजूला उभे राहिले आणि हाताची घडी घालून म्हणाले, करा. लिव्हर, सावकाश दाब, काचेत खूण, लिव्हर सोडला, दाबली. काही नाही. ते म्हणाले, मूठ. खरंच, नकळत पिळत होतो. हात हँडलवरून काढूनच टाकला, पुन्हा खूण आणली, आणि उठली की! मालक हसले नाहीत की काही नाही, सरळ आत जाऊन कागद घेऊन आले. बहुतेक गिऱ्हाइकाचा चेहरा ओळखत असावेत.

तरी सही केली नाही. घरी येऊन बायकोसमोर दोन्ही गाड्यांचा हिशेब मांडला. ती म्हणाली, "वर्षभर मला मागे बसता येणार नाही ना? मग तोवर तुझी किकवाली घे, हौस फेड. मी बसायला लागेन तेव्हा मऊ सीटची, बटनवाली बघू." चिंगी, तुमच्या त्या एका प्रतिसादाने निकाल लागला आहे.

एसआर घेतोय.

---

बुलेटराव

म्हंजे वर्षानं दुसरी फटफटी पण? वहिनींना कोल्हापूरकडनं मानाचा मुजरा.

---

कुमठेकर_काका

शाब्बास. आईला कळवलंस का?

---

सायतामाकर

कळवलं. तिने विचारलं, "अ‍ॅव्हरेज किती देते?"

---

आगाऊ

काकूंना नमस्कार सांगा.

---

हामामात्सुची_सून

अभिनंदन! नंबर प्लेट कुठली मिळणार, ओमिया की कावागोए? आणि बॅटरीचा चार्जर गाडीबरोबरच घ्या, नंतर घेऊ म्हणू नका. डिसेंबर-जानेवारीत चिचिबुच्या बाजूला सकाळी रस्त्यावर बर्फ धरतं, तेव्हा पहिले दोन महिने दुपारचेच निघा. वसंतात दोशीच्या डोंगररस्त्याने यामानाका तलावाकडे या. वाटेत मिचि-नो-एकिवर, म्हणजे रस्त्याकडेच्या थांब्यावर, रविवारी सकाळी गाड्यांची जत्रा असते. मी जीबी घेऊन हामामात्सुहून येते, मैत्रिणीलाही आणते, दोन एसआर शेजारी लावून मिस्त्रींना फोटो पाठवू.

---

सायतामाकर

प्लेट ओमिया. रहिवासाचा दाखला सोमवारी काढतोय, गाडी त्यानंतरच्या शनिवारी ताब्यात. दोशीचं नक्की. एप्रिलचा दुसरा रविवार चालेल का? तोवर घाटात किक मारायची लाज जाईल.

---

मिस्त्री_७६

फोटो उजव्या बाजूने काढा, खिडकी दिसली पाहिजे. आणि उतारावर गाडी लावत चला, सुरुवातीला.